रिकामा देव्हारा

माझं तोंड फटकळ आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. खोटं नाही ते. आमच्या चाळीत मला बघून बायका विषय बदलायच्या. मला त्याची गंमत वाटायची, पुढे वाटेनाशी झाली.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. बोरीवली तेव्हा मुंबईत धरत नसत. स्टेशनच्या पूर्वेला आमची बैठी चाळ, पुढे दगडाच्या खाणी, त्यांच्यापलीकडे जंगल. वडील वारले होते. घरात आई, मी आणि माझी थोरली ताई. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, सकाळी सहाला घराबाहेर. ताई लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन परत आली होती. वय चोवीस. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. चाळीत कुणी कामाला निघालं की ती आपणहून दाराआड व्हायची. मला त्या दाराआड होण्याचा भयंकर संताप यायचा, आणि तो मी तिच्यावरच काढायची.

चाळीच्या टोकाला मारुतीचं देऊळ. तिथे दर शनिवारी भजन. पखवाज वाजवायचा एका दवाखान्यातला कंपाउंडर, चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. एका शनिवारी त्याने घसा कोरडा पडला म्हणून ताईच्या हातून पाणी मागितलं. मंडळीतल्या म्हाताऱ्यांनी हटकलं. विधवेने भजनात पुढे पुढे करायचं नाही, म्हणाले. त्याने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, पखवाज खांद्याला अडकवला आणि देवळातून उठला. त्याच्यामागे सात-आठ माणसं उठली. त्यात ताई होती.

त्यांचा पंथ सुरू झाला तो असा. खाणींपलीकडे बांबू आणि झावळ्यांची एक शेड उभी राहिली. तिथे मूर्ती नाही, सोवळं नाही, श्राद्धपक्ष नाही. बैठकीआधी पाण्याचा एकच तांब्या सगळ्यांत फिरायचा आणि तो द्यायचा विधवेच्या हाताने. पुढे ताई कुंकू लावायला लागली. कंपाउंडरला त्याची माणसं भाऊ म्हणत. वर्षभरात गिरणीतली, रेल्वेतली, ऑफिसातली कुटुंबंच्या कुटुंबं तिकडे जायला लागली. देवळातलं भजन ओस पडलं. देवळाचे लोक वाटेत त्यांच्या अंगावर शेण टाकायचे. एकदा शेडवर दगडही आले.

ताई तिकडेच राहायला गेली तेव्हा आई महिनाभर धड जेवली नाही. मी दोनदा जाऊन ताईशी भांडले.

"अगं, तुला अक्कल आहे का? लोक काय बोलतायत ऐकलंस?" मी म्हटलं.

ती शांतपणे म्हणाली, "इथे मी पुढे बसते गं. तिकडे मागे पण जागा नव्हती."

मी आणखी चिडले. खरं सांगायचं तर मला हेवा वाटत होता. आणि भीती. ती शेड एक दिवस मोडणार, हे मला दिसत होतं. त्या दिवसाआधी ताई घरी यायला हवी, एवढंच डोक्यात होतं.

मग कंपाउंडरने नवीन काढलं. सगळ्यांनी घरचे पितळेचे देव आणून द्यायचे, त्यांची एकच घंटा ओतायची. तुझा देव, माझा देव हे कायमचं संपवायचं. तांबट ठरला, रविवार ठरला. चाळीत कुजबुज सुरू झाली. घरचे देव कुठे एका घराचे असतात? आमच्याकडचे देव, वडील थोरले म्हणून, वाटणीत आलेले, पण कोकणात तीन चुलत्यांच्या घरचं लग्नकार्य त्या देवांपुढे पहिली सुपारी ठेवल्याशिवाय होत नसे.

त्याच आठवड्यात मी शाळेतून आले तर शेजारीण म्हणाली, "तुझी ताई दुपारी येऊन गेली हो." घरात गेले. देव्हारा रिकामा. अन्नपूर्णा नाही, बाळकृष्ण नाही, कुलदेवतेचा टाक नाही. आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली, डोळे सुजलेले. मी काही विचारलं नाही. म्हटलं, पोटच्या पोरीने देव पळवले, बिचारी कोणत्या तोंडाने सांगणार. विचारायला हवं होतं. पण मी विचारणाऱ्यातली नव्हतेच कधी, मी ठरवणाऱ्यातली.

त्याच संध्याकाळी मी गावी धाकट्या काकांना पत्र लिहिलं. ताईने आपले देव त्या कंपाउंडरला दिलेत, पुढच्या रविवारी वितळवणार आहेत, तुम्ही या, तिला चार शब्द सुनवा आणि हाताला धरून घरी आणा. आईला यातलं काहीही कळू दिलं नाही. काका येतील, ओरडतील, ताई रडेल, संपेल. मला एवढंच हवं होतं.

काका बोटीने आले, पण आमच्या घरी आले नाहीत. सरळ परळला गावच्या मंडळींच्या खोलीवर गेले आणि तिथे माझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्यांच्या ज्यांच्या भाऊबंदांनी देव दिले होते ते सगळे उठले. रविवारी दुपारी चाळीसमोरून काठ्या घेतलेला जमाव निघाला, पुढे काका. मी धावत जाऊन काकांचा हात धरला. म्हटलं, "काका, आधी घरात चला. ताईला मी घेऊन येते."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू कळयलंस ता बरा केलंस. आता मदी येव नको."

मी मागोमाग गेले. शेडमध्ये भट्टी पेटलेली होती. तांबट जमाव बघूनच पळाला. कंपाउंडर पुढे आला, त्याच्या शेजारी ताई, हातात तांब्या.

"आमचे देव खंय आसत?" काकांनी विचारलं.

"तुमच्या घरचे देव इथे आलेलेच नाहीत," तो म्हणाला.

काकांनी पत्र वर धरलं. ताईने ते पाहिलं. माझं अक्षर ती लांबूनही ओळखायची.

"काका, भाऊ खरं सांगतायत," ती म्हणाली. "मी देवांना हातही लावला नाही."

काका क्षणभर थांबले. खरंच थांबले होते. मी गप्प राहिले असते तर कदाचित बोलाचालीवर निभावलं असतं. पण मी गर्दीतून ओरडले, "खोटं बोलू नको, ताई. देव्हारा रिकामा आहे."

पहिली काठी कुणाची, ते कोर्टातही नीट ठरलं नाही. कंपाउंडर डोक्यावर घाव बसून खाली पडला. झटापटीत भट्टी कलंडली आणि झावळ्यांनी पेट घेतला. सगळे बाहेर धावले. ताई तेवढी आत होती. जळत्या धोतरासकट तिने त्याला दोन्ही हातांनी ओढत बाहेर आणला. तो हॉस्पिटलच्या वाटेवरच वारला. काकांना आणि आणखी काहीजणांना सजा झाली; पत्र आगीतच गेलं होतं आणि काकांनी कोर्टात माझं नाव काढलं नाही. लोकांनी राखेतून आपापले देव उपसले, चिंचेने घासले आणि घरी नेले. महिन्याभरात पंथाचं नाव काढायला कुणी उरलं नाही. देवळात पुन्हा भजन सुरू झालं.

ताई दीड महिन्याने हॉस्पिटलमधून घरी आली. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. मी तिला खाटेवर बसवलं. आईने तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि न बोलता आत गेली. जात्यामागच्या कोपऱ्यात तांब्याचं घंगाळ होतं, ताट झाकलेलं. आईने ताट काढलं आणि पाण्यातून एकेक देव बाहेर काढायला लागली. अन्नपूर्णा. बाळकृष्ण. टाक. पदराने पुसून तिने ते देव्हाऱ्यात मांडले.

त्या दुपारी ताई नुसती आईला भेटायला आली होती. घरी चल म्हटल्यावर नाही म्हणून परत गेली. ती गेल्यावर आईने देव पाण्यात ठेवले होते, पोर परत येईपर्यंत. असं ठेवलं की कुणाला सांगायचं नसतं. मला, शिकल्यासवरल्या मास्तरणीला, हे ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या परीक्षेच्या वेळीही तिने ठेवले होते.

"ऐकलं देवांनी," आई म्हणाली. "आणलंन माझ्या पोरीला घरी." आणि दिव्यासाठी तेल आणायला बाहेर गेली.

मी भिंतीला धरून उभी होते. ताई देव्हाऱ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने मान हलवली.

"आईला पत्राचं सांगू नको," ती म्हणाली. "तिला वाटू दे, देवांनीच आणलं."

मग तिने पाणी मागितलं. मी तांब्या तिच्या तोंडाला लावला.

आई त्यानंतर वीस वर्षं जगली. मी सांगितलं नाही.