टेबलाला अडकलेले जावईबापू

आमच्या ह्यांना रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि वर सांगितलं, एखादा छंद लावून घ्या, डोकं शांत राहील. ह्यांनी घड्याळं दुरुस्त करायचा छंद लावून घेतला. तेव्हापासून ह्यांचा रक्तदाब छान उतरलाय. माझा चढलाय, पण मला कोण विचारतंय.

तसे हे पंपाच्या कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात कारकून. वय सत्तावन्न. आयुष्यात कधी घरातला बल्ब बदलला नाही, स्टूलवर चढलं की गरगरतं म्हणे. आणि हाच माणूस चार वर्षांपूर्वी डोळ्यात भिंग बसवून मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरून बसला, तेव्हा मी हातातली भाजी खाली ठेवून बघतच राहिले.

जेवणाचं टेबल तेव्हा अर्धं गेलं. खिडकीकडची बाजू ह्यांची. तिथे एक पांढरा दिवा, चिमटे, सात रंगांच्या टोप्यांचे सात स्क्रू ड्रायव्हर, धूळ उडवायचा रबरी फुगा, तेल लावायच्या सुईएवढ्या काड्या. बोटांचा घाम लागू नये म्हणून बोटांना घालायच्या रबरी टोप्या. धूळ टिपायला हिरवा चिकट गोळा, तो मी एकदा कुणाचं तरी च्युइंगम समजून कचऱ्यात टाकला आणि तीन दिवस अबोला सहन केला. चौघांचं जेवण त्या टेबलावर व्हायचं, आता तिघांचं ताट मांडलं तरी माझ्या वाटीत स्क्रू असेल की काय या धास्तीने मी डाळ ढवळून खाते.

आणि नियम! कुणी विचारो न विचारो, हे नियम सांगणार. दूधवाल्याला सांगितलेत, मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगितलेत. स्वस्त स्क्रू ड्रायव्हर घेतला तरी चालेल, पण त्याचं टोक आधी घासून स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असं करायचं, नाहीतर तो घसरतो आणि घड्याळावर ओरखडा कायमचा. स्प्रिंग काढायची ती पारदर्शक पिशवीत हात घालूनच, म्हणजे उडाली तरी पिशवीत राहते. पहिलं घड्याळ उघडायचं ते बंद पडलेलं, कुणाचाही जीव न अडकलेलं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे फोटो. झाकण काढल्याबरोबर फोटो, प्रत्येक स्क्रूच्या आधी फोटो. काही हरवलं तर जमिनीकडे बघायच्या आधी फोटोकडे बघायचं. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, मी नंतर त्याच्यावरून ह्यांचं डोकं खाणार आहे.

सुरुवातीला भंबेरीच उडायची. शेजारच्या काकूंचं गजराचं घड्याळ ह्यांनी चालू करून दिलं, पण त्याचा गजर काही केल्या थांबेना, शेवटी काकूंनी ते उशीत गुंडाळून बादलीत ठेवलं. मग ह्यांना घड्याळं बदलायचा नाद लागला. म्हणजे चांगल्या चालत्या घड्याळाची तबकडी काढायची, दुसरी घालायची, काटे रंगीत बसवायचे. माझं नाजूक सोनेरी घड्याळ वाढदिवसाला गुपचूप नेलं आणि काळी तबकडी, नारिंगी सेकंदकाटा आणि रबरी पट्टा लावून परत दिलं. एका लग्नात ते घालून गेले तर एका बाईंनी माझं मनगट धरून विचारलं, पोहायला शिकताय का?

पण खोटं कशाला बोलू, हात बसत गेला. गेल्या वर्षी दहांतली सात घड्याळं चालली. लोक आणून देऊ लागले. फक्त एका माणसाने ह्यांच्या टेबलाकडे कधी ढुंकून पाहिलं नाही, आणि तो माणूस आमच्याच घरात राहतो. माझे वडील.

बाबा त्र्याऐंशी वर्षांचे. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. आयुष्यभर वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. बाजारात शिरले की दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. अजूनही चहा पिण्याआधी कप डोळ्यांच्या रेषेत धरून बघतात. त्यांच्या मनगटावर एक चावीचं घड्याळ आहे, माझ्या आजोबांनी, म्हणजे बाबांच्या सासऱ्यांनी, लग्नात दिलेलं. छप्पन्न वर्षं झाली. रोज सकाळी सातला चावी देतात, मोजून बावीस वेळा. आणि त्या घड्याळाला ठरलेल्या घड्याळवाल्याखेरीज कुणी हात लावायचा नाही. लहानपणी मी एकदा कानाला लावून बघितलं तर दोन दिवस बोलले नाहीत.

आमच्या ह्यांचं त्या घड्याळाशी जुनं वैर. मला बघायला हे वीस मिनिटं उशिरा आले होते. दारात उभे राहिले आणि बाबांनी नमस्कार घ्यायच्या आधी मनगटाकडे पाहिलं. लग्न झालं, अठ्ठावीस वर्षं झाली, पण हे खोलीत शिरले की बाबा अजूनही मनगटाकडे बघतात. "या जावईबापू" म्हणतात आणि घड्याळ बघतात. हे कारखान्यातून वेळेवर आले तरी बघतात. एकदा हे आंघोळीहून आले तेव्हासुद्धा बघितलं.

तर गेल्या महिन्यात ते घड्याळ बंद पडलं.

ठरलेला घड्याळवाला दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेला होता. बाबांनी कुणाला काही सांगितलं नाही. रोज सातला बावीस वेळा चावी द्यायला बसायचे, ती फिरायची नाही, तरी तसंच मनगटावर बांधायचे. हे खोलीत शिरले की बाबा बंद घड्याळात वेळ बघायचे. तीन आठवडे असे गेले. मला दिसत होतं, पण बोलायची सोय नव्हती. शेवटी एका रविवारी सकाळी चहा झाल्यावर बाबांनी घड्याळ काढून ह्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सोबत एक कागद ठेवला.

कागदावर सुवाच्य अक्षरात पावती होती. मनगटी घड्याळ, नग एक. स्थिती बंद. काचेवर चारच्या आकड्याजवळ चरा एक. पट्ट्याला भोकं सात. खाली दोघांच्या सह्यांची जागा. जावयाकडून सही घेतली, माझ्याकडून साक्षीदार म्हणून घेतली, मग कागद घडी करून खिशात.

अठ्ठावीस वर्षांनी त्या माणसाने काहीतरी विश्वासाने ह्यांच्या हातात दिलं होतं. मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढून नेऊन स्पष्ट सांगितलं, अहो, हे बिघडलं तर मला माहेर उरणार नाही, कारण माहेर इथेच राहतंय.

हे तयारीला लागले. पंखा बंद, खिडकी बंद. मग ॲप्रन बांधला. ही घड्याळवाल्यांची युक्ती आहे म्हणतात. ॲप्रनची खालची कड टेबलाच्या काठाला चिमट्यांनी अडकवायची, म्हणजे हातातून काही निसटलं तर जमिनीवर न जाता मांडीतल्या झोळीत पडतं. युक्ती चांगली आहे. अट एवढीच की उठायचं नाही.

झाकण उघडलं. फोटो काढला. आतलं तेल वाळून गोंद झालं होतं, बाकी सगळं ठणठणीत, एवढंच निघालं. ह्यांचा चेहरा फुलला. यंत्र बाहेर काढलं, आणखी सुटं केलं, एकेक भाग छोट्या वाट्यांच्या ताटलीत मांडला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर उलटा होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आणि बेल वाजली.

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ह्यांनी अठ्ठावीस वर्षांत माझ्या आधी दार उघडलेलं नाही. पण त्या दिवशी बाबा बसलेले, जावई म्हणून चांगलं दिसावं, म्हणून हे तडक उठले. टेबल सोबत उठलं. ताटली, दिवा, तेल, सात ड्रायव्हर, सगळं ह्यांच्या मागे दारापर्यंत निघालं. मी धावत आले तेव्हा हे कमरेतून वाकून टेबल धरून उभे होते, दारात पार्सलवाला सही मागत होता, आणि हे म्हणत होते, पाऊल टाकू नका, कुणीही पाऊल टाकू नका. तो बिचारा एक पाय उचलून तसाच उभा राहिला.

ह्यांनी सगळे भाग गोळा केले. मोजले. पुन्हा मोजले. यंत्र घड्याळाच्या डब्यात घट्ट धरून ठेवायला दोन स्क्रू असतात. एकच होता.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात कुणी सरळ उभं राहिलं नाही. माझा नायलॉनचा मोजा व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला ताणून बसवला, म्हणजे स्क्रू आत न जाता मोज्यावर अडकावा. माझ्या मोज्यावर केस, राई, दोन टिकल्या आणि मुलीचा लहानपणी पडलेला दुधाचा दात निघाला, मुलगी सव्वीस वर्षांची आहे. चुंबक दोरीला बांधून सोफ्याखाली फिरवलं. पार्सलवाल्याला फोन केला, त्याने बुटांचे तळवे बघून कळवलं की नाही. हे दोन्ही दिवस रजा टाकून टॉर्च घेऊन पालथे पडले होते. बाबा खुर्चीत. आम्ही त्यांच्याजवळ पोचलो की न सांगता पाय वर घ्यायचे. चहा तसाच गार होत होता, कप डोळ्यांसमोर धरूनही बघितला नाही. मला वाटलं, संतापलेत.

मंगळवारी दुपारी हे मला बेडरूममध्ये घेऊन गेले. मेलेल्या घड्याळांच्या डबीतून ह्यांना अगदी त्याच मापाचा स्क्रू मिळाला होता. चमक तीच, खाच तीच. घड्याळ साफ करून, तेल देऊन चालू झालं होतं. मी म्हटलं, देव पावला. बसवा आणि गप्प राहा. बाबांना भिंग लावूनही कळणार नाही.

हे पलंगावर बसले. मग म्हणाले, "मला कळेल ना. ते रोज माझ्यासमोर त्यात बघणार."

मी तोंडाला येईल ते बोलले. सत्यवादी व्हायची हीच वेळ सापडली का, छत्तीस वर्षं कारखान्यात चुकीच्या गावाला गेलेले पंप कुणाच्या नावावर खपवले, सगळं काढलं. हे उठून बाहेर गेले. मी दाराआड उभी राहिले.

ह्यांनी घड्याळ आणि तो स्क्रू एका वाटीत बाबांसमोर ठेवला. "बाबा, घड्याळ चालू झालंय. पण त्यातला एक स्क्रू माझ्या हातून हरवला. हा दुसऱ्या घड्याळातला आहे. तुम्ही म्हणालात तरच बसवतो."

बाबांनी वाटीकडे पाहिलं. मनगटाकडे नजर गेली, तिथे घड्याळ नव्हतं.

"तुमच्या हातून नाही हरवला," बाबा म्हणाले. "माझ्या हातून हरवला. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात."

मी दाराआडून बाहेरच आले.

मग सगळं बाहेर पडलं. आत काय असतं बघू म्हणून बाबांनी नव्या संसारात चाकूच्या टोकाने झाकण उघडलं होतं. स्क्रू उडाला. आईने आणि त्यांनी तीन दिवस भाड्याची खोली पालथी घातली. आजोबा भेटले की विचारायचे, घड्याळ कसं चाललंय, आणि बाबा म्हणायचे, उत्तम. घड्याळवाल्याने पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्याने विचारलंच, दुसरा स्क्रू कुठे? बाबांनी सांगितलं, या कंपनीच्या घड्याळांना एकच असतो. इन्स्पेक्टरशी वाद कोण घालणार? त्याने मान डोलावली आणि चाळीस वर्षं डोलावत राहिला. अर्धा ग्रॅम कमी भरला म्हणून बाजार डोक्यावर घेणारा माणूस एक स्क्रू कमी असलेलं घड्याळ हातावर मिरवत होता! आणि आम्ही समजत होतो, सासऱ्यांची आठवण म्हणून कुणाला हात लावू देत नाहीत.

दोन दिवस आम्ही पालथे पडलो होतो तेव्हा का नाही बोललात, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. बाबा माझ्याकडे बघेनात. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "सासरे पुढे बारा वर्षं होते. बारा वर्षांत मला त्यांना सांगता आलं नाही. तुम्ही दोन दिवसांत सांगितलंत."

डोळ्यात भिंग नसतानाही ह्यांचा एक डोळा बारीक झाला होता, दुसरा भरून आला होता. मलाही भरून आलं, म्हणून मी ह्यांचा फोन ओढून घेतला आणि पहिला फोटो उघडून दाखवला. झाकण नुकतंच काढलेलं. एक स्क्रू. त्याच्या समोर रिकामं भोक, ढळढळीत. जमिनीकडे बघायच्या आधी फोटोकडे बघायचं, कोण सांगत होतं सगळ्या गावाला? त्या दिवसापासून हे नियम सांगायला लागले की मी नुसता फोन वर करते.

स्क्रू बाबांनीच बसवला. ह्यांनी त्यांच्या डोळ्यात भिंग बसवून दिलं, बोटांना टोप्या घातल्या, हात खालून धरला. तीन वेळा निसटला, तिन्ही वेळा झोळीत पडला, कारण माझ्या जुन्या चादरीचा एक ॲप्रन बाबांनाही शिवून टेबलाला अडकवला होता. आता रोज संध्याकाळी दोघं तिथेच असतात. बेल वाजली की दोघं माझ्याकडे बघतात. मी हातातलं टाकून दार उघडते आणि तोंडाचा पट्टाही सोडते.

बाबा अजूनही हे आले की मनगटाकडे बघतात. पण आता घड्याळ कानाला लावतात आणि मान डोलावतात.

ती पावती बाबांनी स्क्रू बसवला त्याच दिवशी खिशातून काढून ह्यांना परत केली. हे ती कुणाला दाखवत नाहीत, हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली आहे. मी पुसताना वाचली. दोघांच्या सह्यांखाली बाबांनी एक ओळ वाढवली आहे: घड्याळ परत मिळाले. स्थिती चालू. स्क्रू एक जास्त.