मामांच्या आवतणाची वही

शिरवळच्या कारखान्यात मेल सर्व्हर सांभाळायला मी एकटीच होते आणि त्याचा मला जरा जास्तच तोरा होता. तो एका आठवड्यात उतरला. आमच्या सर्व्हरचा पत्ता स्पॅमच्या, म्हणजे नकोसे मेल ढिगाने धाडणाऱ्यांच्या, काळ्या यादीत गेला आणि गिऱ्हाइकांना पाठवलेला प्रत्येक मेल परत येऊ लागला. साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत सुरळीत झालं नाही, तर हे काम बाहेरच्या कंपनीला देतो." म्हणजे माझी नोकरी गेलीच. 'कॉम्प्युटरवाली परत आली' हे माझ्या गावी, विट्यात, घरोघरी ऐकायला लागणार होतं.

यादीतून पत्ता काढायचा तर अर्ज करावा लागतो. त्यात विचारतात, कारण काय होतं आणि दुरुस्त काय केलं? मला कारण सापडलंच नव्हतं. तरी ठोकून दिलं, 'एका कॉम्प्युटरमध्ये व्हायरस होता, काढला.' पत्ता सुटला आणि दोन दिवसांत पुन्हा आत. आता यादीवाल्यांनी बजावलं, खरं कारण कळल्याशिवाय अर्ज करू नका. मी दिसेल त्याच्यावर खेकसत होते. स्टोअरच्या मामांवरसुद्धा, उगीचच.

मामा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, औंधकडचे. शुक्रवारी दुपारी मी साहेबांसमोर बोलणी खात उभी होते, तेव्हा ते बाहेरून ऐकून आपणहून आत आले.

"सायेब, ताईस्नी बोलू नगा. मी क्येलंय त्ये. गावच्या जत्रंचं आवतान हितल्या मेलवरनं धाडलं. समद्यास्नी."

त्यांच्याकडे एक जाड वही होती. फौजेतले सोबती, सोयरे, गाव सोडून गेलेली माणसं, सगळ्यांचे मेलचे पत्ते तीत होते. त्यातली कित्येक माणसं वारली होती, त्यांचे मेलही बंद पडले होते. असे बंद पत्ते यादीवाले मुद्दाम सापळ्यासारखे लावून ठेवतात. त्यांवर ढिगाने मेल धाडणारा स्पॅमवाला ठरतो.

"मग मामा, ती नावं खोडली का नाहीत?"

"आवं ताई, मानूस गेलं म्हनून त्येच्या घरचं आवतान बंद करत्यात व्हय? काई आवतनं परत आली, म्हनून पुन्ना धाडली."

हसावं की रडावं मला कळेना. मी व्हायरस शोधत बसले होते आणि स्टोअरचे मेल उघडून बघायचं सुचलंही नव्हतं. मामा गप्प राहिले असते तर शनिवारी मी घरी गेले असते. बोलल्यामुळे त्यांचीच नोकरी जाऊ शकत होती. साहेबांनी त्यांना झापलं, पण ठेवलं.

त्या दुपारी आम्ही दोघं बसलो. बंद पत्ते कॉम्प्युटरमधून काढले, वहीत मात्र एकाही नावावर रेघ मारली नाही. त्या घरांना मामा फोन करणार होते. अर्जात मी सगळं खरं लिहिलं, जत्रेसकट. शनिवारी सकाळी पत्ता यादीतून निघाला. मामा म्हणाले, "आता तुमचं नाव बी वहीत लिवतो. जत्रंला यायचं." दरवर्षी त्यांचा फोन यायचा. कामाच्या नादात मी एकदाही गेले नाही.

गेल्या वर्षी मामा वारले. मला वाटलं, आता कोण बोलावतंय.

यंदा जत्रेच्या आधी फोन वाजला. मामी होत्या.

"ताई, वहीत तुमचं नाव हाय. आवतान हाय, यायचं."

मी साहेबांकडे जाऊन रजा मागितली.