नितूचा टर्बो आणि अकोल्याचे जवाई

आमच्या तिघांत कोणाचीही गाडी उघडली की एखादा नट हरवतो आणि एखादा किस्सा सापडतो. नट बाजारातून दुसरा आणता येतो. किस्से मात्र साठत जातात, आणि नितूच्या टर्बोने तर गोदामच भरून टाकलं!

नितूचं घर अमरावतीत फुलांच्या धंद्यातलं. त्याची जुनी लाल छोटी गाडी रोज सकाळी झेंडूची पोती वाहते. पम्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. मी बँकेत असतो, त्यामुळे हात काळे न करता सल्ले देतो.

नितूच्या ताईचे यजमान संजूभाऊ अकोल्याचे. घरचे जवाई, आणि गाडी नवी, मोठी. दर खेपेला ते अकोला रोडवर नितूला मागे टाकायचे आणि मूर्तिजापूरला चहा संपवून वर विचारायचे, "आली का बैलगाडी?"

बस्स! नितूने टर्बोचा किट मागवला. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तो घरच्या अंगणात बसवायचा आणि एकदा, फक्त एकदा, संजूभाऊंच्या पुढे जायचं!

*

किट आला. गोगलगायीसारखा वळलेला, चकचकीत टर्बो आम्ही अंगणात ठेवला आणि हात धुवायला गेलो. परत येऊन पाहतो तर नितूची आई समोर पाट मांडून बसलेली.

"एवढा मोठा शंख आनला अन् खाली मातीत ठेवतं?" काकू नितूवर ओरडल्या.

हळद, कुंकू, झेंडूचं फूल सगळं झालं होतं. वरून मूठभर अक्षता! त्यातल्या निम्म्या थेट पंख्यात. फिरत्या पंख्यात दाणा गेला की टर्बोची वाट लागते. पम्या संध्याकाळपर्यंत चिमट्याने तांदूळ काढत बसला होता.

काकूंना दया आली. म्हणाल्या, "एखांदा राहू दे बाबू, शकुनाचा असते!"

*

मी मोबाईलवर व्हिडिओ लावायचो. त्यातला गोरा माणूस हसत म्हणाला, की हे एका दुपारचं काम आहे. आमचा पहिला बोल्टच गंजलेला निघाला आणि ती दुपार महिनाभर चालली.

एअर फिल्टर उघडला तर आत झेंडूच्या पाकळ्या गच्च भरलेल्या. पम्याने त्या ओंजळीत घेतल्या आणि नितूकडे पाहिलं.

"लेका, हे साफ केलं असतं तरी गाडी पळाली असती बे!"

नितूने पाकळ्या झटकून टाकल्या आणि पाना त्याच्या हातात दिला.

*

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं ते ऐन मे महिन्यात. तापमानाचा काटा भराभर वर जायला लागला. नितूने घरातला कूलर उचलून बॉनेटसमोर लावला.

पाच मिनिटांत काकू हारांची टोपली घेऊन बाहेर आल्या. "जिथं कूलर, तिथं मी!" मागून शेजारच्या दोघी आल्या. तिघी गाडी आणि कूलरच्या मधोमध बसून हार ओवायला लागल्या.

पम्या काकुळतीला आला. "काकू, जराशा सरका ना. गाडीले ताप आला!"

"आमाले बी आला हाय. आमी काही बोललो काय?"

*

ट्रायल भातकुली रोडवर घेतली. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी जोरात 'फुस्स' करायची, जास्तीची हवा बाहेर पडायची. नितूला तो आवाज ऐकून भरून यायचं. पण दर मैलाला कोणीतरी हात करून थांबवायचं, "भाऊ, हवा जाऊन राहिली!"

एका म्हाताऱ्या बाबाजींनी तर मोटरसायकल आडवी लावली. चारही टायरांना पायाने ठोकलं, डिकी उघडायला लावून स्टेपनीही तपासली.

"टायर तं बरोबर हायेत," ते आमच्याकडे निरखून पाहत म्हणाले, "मंग तुमच्यातलाच कोनीतरी असीन!"

*

आणि शेवटी तो दिवस आला. ताई बाळंतपणाला माहेरी आलेली होती. संजूभाऊ तिला आणि बाळाला न्यायला आले. पाळणा, डिंकाचे लाडू आणि काकू आमच्या गाडीत.

बडनेरा सुटलं. टर्बोने जोर धरला. संजूभाऊंनी आरशात पाहिलं आणि त्यांनीही गाडी दामटली. तरी नितू चिकटून! इंडिकेटर दिला, बाजूला घेतलं, आणि मागून काकूंचा हात त्याच्या खांद्यावर पडला.

"जवायाच्या पुढं जातं? लोकं काय म्हनतीन?"

नितूने गाडी मागे घेतली. त्याचं तोंड पाहवत नव्हतं, खरंच वाईट वाटलं मला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे संजूभाऊंची गाडी आचके देत थांबली. दामटता दामटता पेट्रोल संपलं होतं! पंप तर समोर दिसत होता. नितू उडी मारून उतरला. "दोरी काढ बे पम्या! आपन पुढं राहून ओढू!"

"जवायाले दोरीनं बांधून नेतं काय?" काकू कडाडल्या. "मागून ढकल!"

दोन बंपरांच्या मध्ये बाळाची नवी गादी दाबून धरत पम्या कडेने चालला. नितूने पहिला गिअर टाकला. अक्षता खाल्लेला आमचा टर्बो जवायांची गाडी ढकलत, फुस्स करत, पंपावर पोहोचला.

पंपावरचा माणूस आमच्या टाकीकडे वळला. संजूभाऊ घाईने खाली उतरले.

"ओ भाऊ! आधी इकडं. ते लाल गाडी माह्या मागून आली!"