शेवटच्या नळीतली माती

घरी तिला सगळे चिखलू म्हणत. नोकरीच तशी, माती तपासायच्या प्रयोगशाळेत. आई म्हणे, “लहानपणी चिखलात खेळलीस म्हणून धपाटे घातले, आता त्याचाच पगार आणतेस!”

त्या दिवशी चिखलू जीपमध्ये मांडीवर पोलादी नळी उभी धरून बसली होती, तान्ह्या बाळासारखी जपत. आत खाडीच्या तळातली मऊ चिकणमाती, दोन्ही तोंडांना मेणाचं बूच. खोदणारे सामान आवरून गेले होते. ही शेवटची नळी. बिघडली तर प्रयोगशाळेच्या मॅडम तिला पुन्हा चाळण्या धुवायला बसवणार, हे नक्की.

“मामा, खड्डा!”

“अगं पोरी, मला डोळे आहेत,” ड्रायव्हरमामा म्हणाले. “मातीच ना? सांडली तर दुसरी भरू.”

“ही तशी नाही हो! हिच्यात इलाइट नावाच्या खनिजाचे इवले इवले पापुद्रे आहेत, पत्त्यांच्या बंगल्यासारखे टेकलेले. पोकळ्यांत पाणी. धक्का बसला की बंगला खाली आणि माती पातळ!”

मामांनी धसक्याने वेग इतका कमी केला, की एका सायकलवाल्या आजोबांनी त्यांना मागे टाकलं आणि वर हातही हलवला. तरी प्रयोगशाळेच्या फाटकापाशी चाक खड्ड्यात गेलंच. चिखलूने नळी छातीशी धरली.

आत तिने माती नळीतून अलगद काढली, यंत्राच्या तबकड्यांमध्ये उभी केली, भार वाढवू लागली. वाटेत हादरली असेल तर आता पिंपासारखी फुगणार. फुगेना. आणि एकदम तिरकी, स्वच्छ भेग!

“तुटली! मॅडम, तुटली!”

दारातल्या मामांचा चेहरा पडला. “तो फाटकाजवळचा खड्डा… पोरीला ओरडू नका, मॅडम. चूक माझी.”

“अहो, अशीच तुटायला हवी होती! फुगली असती तर मेलो असतो आपण!” तिने मामांचे हात धरून गिरकीच घेतली. “यंत्राला लागेल गं!” म्हणता म्हणता मॅडमही हसत सुटल्या.

मग तिने त्याच मातीचा तुकडा मामांच्या तळहातावर ठेवला. “आता मळा. जोरात.”

मळता मळता घट्ट तुकडा बोटांमधून ओघळू लागला.

“पाणी कधी घातलंस?”

“थेंबसुद्धा नाही! पाणी तेच, माती तीच. बंगला पडला.”

मामांनी दुसरा हात पुढे केला. “आणखी दे.”

संध्याकाळी तिला घरी सोडताना मामांनी एकही खड्डा चुकवला नाही. रिकाम्या मांडीची चिखलू प्रत्येक खड्ड्याला सीटवरून उडत होती आणि खिदळत ओरडत होती, “पडला बंगला!”