चौदा खोल्यांत राहणारा एकटा माणूस

"बोल. सगळ्यांसमोर बोल."

मालक चाळीच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. माझी आई समोर उभी, हातात रिकामा हंडा. नळाला कुलूप आणि किल्ली त्याच्या खिशात. चौदा खोल्यांच्या दारांत माणसं. त्याचा पुतण्या मोबाईलवर शूटिंग करत होता.

"बोल, पुढच्या महिन्यापासून वाढीव भाडं देईन, आणि पुन्हा तोंड वर करणार नाही."

आई बोलली.

"आवाज नाय आला."

पुन्हा बोलली. तिसऱ्यांदा बोलली तेव्हा त्याने कुलूप काढलं. दहा मिनिटांत शूटिंग चाळीच्या ग्रुपवर. खाली मालकाने लिहिलं, "बाकीच्यांनी पण बघून घ्या."

बाकीच्यांनी बघून घेतलं. मीही दारात उभी होते. मी काही बोलले नाही. हे आधी लिहून ठेवते. भाडेकरूंच्या पत्रकांत आम्ही फक्त मालकाला शिव्या देतो, आमच्या गप्प बसण्याचं कोणी छापत नाही.

आईचा गुन्हा काय? दोन वर्षांत तिसऱ्यांदा भाडं वाढलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "भाऊ, वाढ घ्यायची तर घ्या, पण पावती द्या."

पावती आमच्याकडे कोणालाच नाही. आमच्याकडे रीत वेगळीच. अकरा महिने झाले की खोली बदलायची. चार नंबरवाले नऊमध्ये, नऊवाले दोनमध्ये. शेगडी, पलंग, देवाचे फोटो उचलायचे आणि पलीकडे मांडायचे. आम्हाला वाटायचं, सगळीकडे असंच असतं. आई तर हौसेने नव्या खोलीला चुना लावायची. स्वतःच्या पैशाने. कोणी एका खोलीत जुना होऊ नये, हक्क सांगू नये, म्हणून ही कवायत. हे कळायला मला वीस वर्षं लागली.

चाळ कुठली, ते सांगत नाही. उल्हासनगर धरा, अंबरनाथ धरा, बदलापूर धरा. शिवमंदिराच्या अलीकडे धरा नाहीतर पलीकडे. कुलूप तेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी कामाला दांडी मारली. आईलाही तिच्या जीन्सच्या कारखान्यात जाऊ दिलं नाही. पोलीस चौकीत म्हणाले, "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." नगरसेवक म्हणाले, "कशाला वाढवता, बसून मिटवू." मग पालिका.

"भाडेवाढीचं आमच्याकडे येत नाही," साहेब म्हणाले.

"पण पाणी तर तुमचं ना?"

"कनेक्शन मालकाच्या नावावर आहे. तुमचं नाव कुठे आहे आमच्याकडे?" मग जरा मऊ आवाजात, "थांबा. मिटवून देतो."

मालकाला फोन गेला. तो आला. त्याला खुर्ची, त्याला चहा. आई उभी. साहेबांनी स्वतःच्या हाताने कागद लिहिला : अर्धी वाढ मान्य, तक्रार मागे, भाडेकरू स्वखुशीने सही करत आहे.

म्हणजे पालिकेकडे भाड्याचा विषय येत नाही. फक्त मांडवली येते.

आईने पेन घेतलं. तिला घरी जायचं होतं, बस. मला मात्र तेव्हा कोपऱ्यावर वाटतात त्या भाडेकरूंच्या पत्रकातली एक ओळ आठवली. घरपट्टीच्या नोंदीत राहणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो, भोगवटादाराचा.

"साहेब, या चौदा खोल्यांत भोगवटादार कोण आहे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"बघा तरी."

त्यांनी नाइलाजाने कॉम्प्युटर बघितला. मी वाकून बघितला. चौदा ओळी. चौदा वेळा तेच : स्वतः मालक.

"म्हणजे भाऊ एकटेच राहतात? चौदा खोल्यांत?"

प्यून हसला. मालक नाही हसला.

भाड्याने दिलेल्या खोलीला घरपट्टी जास्त बसते. म्हणून आम्ही तिथे नाहीच. चाळीतली पोरं तिथे जन्मली, म्हातारे तिथे मेले, आणि पालिकेच्या कागदावर तिथे एक माणूस चौदा चुली पेटवून बसलाय. पालिकेचा माणूस दरवर्षी घरपट्टीचं बिल घेऊन चाळीत येतो. त्याला आम्ही दिसत नाही? आमच्या हातचा चहा पिऊन जातो!

"मॅडम, विषय भाड्याचा चाललाय," साहेब म्हणाले.

मालक आईकडे वळला. "पोरगी लई शिकली, मावशी. चल, सामान बांधायला घे."

आईने सही न करता पेन टेबलावर ठेवलं. "कुठल्या खोलीतून बांधू, भाऊ? तिथं तर तुम्ही राहता."

आम्ही बाहेर पडलो. विजय वगैरे काही झाला नाही. आमच्यासाठी नळ त्या दिवसापासून बंद आहे, दोन गल्ल्या सोडून पाणी भरतो. पाण्यासाठी कोर्टात अर्ज टाकलाय, तारीख लागायची आहे. 'या खोलीत मी राहतो, माझं नाव भोगवटादार म्हणून लावा' असा अर्ज चौदापैकी पाच घरांनी दिला. साहेब म्हणाले, "ठेवून जा, बघतो." मी ठेवून गेले नाही. आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला, पोच घेतली, मग निघाले.

नऊ घरं बाकी आहेत. ती घाबरलीत, आणि त्यांची भीती खोटी नाही. मी रोज कामावरून आल्यावर त्यातल्या एका दारात बसते. हाकललं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते.

आणि पालिकेला सांगून ठेवते. मिटवायला आम्हाला बोलावू नका. नाव लावायचं नसेल तर 'नाही' म्हणा, पण कागदावर म्हणा, खाली सही करून. तोंडी आम्ही आता काही बोलणार नाही आणि तोंडी काही ऐकणार नाही.