मुक्काम एकच, क्लच माझ्या पायाखाली

फ्लॉरेन्सला राहा, असं मला सगळ्यांनी सांगितलं. आमच्या मिशिगनमधल्या नोव्हायच्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून डबे आणून केलेल्या जेवणात, एका काकांनी तर हातातली साबुदाण्याची खिचडी बाजूला ठेवून त्यांची अकरा शहरांची बसटूर मला पाठ म्हणून दाखवली. दुसऱ्या राज्यातल्या हर्नडनहून माझ्या मुलाने, निनादने, फ्लॉरेन्स स्टेशनजवळच्या एका हॉटेलची लिंक पाठवली. त्याचं म्हणणं, गाडी घ्यायचीच नाही, रोज सकाळी गाइडबरोबर निघायचं आणि संध्याकाळी शहाण्यासारखं परत यायचं. मी फोटो पाहिले आणि लिंक बंद केली. मला डोंगरावरची छोटी गावं बघायची होती, आणि तीही स्वतः गाडी चालवत.

हट्टाला कारण होतं. माझा नवरा श्रीराम गेल्यापासून निनादला माझी काळजी लागून राहिली आहे. गेल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरून मी मनगट मोडून घेतलं आणि त्या काळजीला पुरावाच मिळाला. त्याने हर्नडनच्या घराचं बेसमेंट माझ्यासाठी तयार केलं, बाथरूमसकट. नोव्हायचं घर विकायचं ठरलंच आहे, अशा सुरात सगळे बोलायला लागले. कोणी मला विचारलं नव्हतं, हे सोडलं तर सगळं अगदी प्रेमाने चाललं होतं. मी निनादला म्हटलं, ही एक ट्रिप करून येते. तिथे गाडी चालवणं जमलं नाही, तर मुकाट्याने घर विकून तुझ्याकडे येईन.

आता तुम्ही म्हणाल, गाडी चालवण्यात एवढं काय आहे. माझी सगळी नोकरी गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेली. तरी घरच्या प्रत्येक सहलीत स्टिअरिंग श्रीरामच्या हातात आणि नकाशा माझ्या मांडीवर. त्याची भलीमोठी एसयूव्ही अजून गॅरेजमध्ये उभी आहे. तिची सीट आपापल्या मापाला आणायला बटणं आहेत, एक नंबरचं त्याचं, दोन नंबरचं माझं. मी एकटीच चालवते, तरी दर वेळी आठवणीने दोन नंबर दाबते आणि दर वेळी मला राग येतो.

बरोबर कोण? रत्ना. ती मूळची नागपूरची, आता ईडन प्रेरीला असते. शिकायला अमेरिकेत आलो तेव्हा आम्ही दोघी एकाच अपार्टमेंटमध्ये राहायचो. तिला फोन केला तर म्हणाली, "एवढं समजावून काय राहिली तू? तिकीट कधी काढायचं ते सांग." तिला क्लचची गाडी येत नाही, त्यामुळे चालक मी आणि नकाशा तिच्याकडे.

मुक्काम कुठे करायचा यावर मात्र आमची आठवडाभर खडाजंगी झाली. रत्नाला मनोऱ्यांचं प्रसिद्ध गाव हवं होतं, मला स्वयंपाकघर आणि फुकट पार्किंग. शेवटी चित्ता देल्ला पिएवे ठरलं, उंब्रिया प्रांताच्या कडेला, शेजारच्या तोस्कानाला अगदी खेटून. लाल विटांचं गाव आहे, नाव एवढं लांब की सकाळी ते घ्यायला आधी चहा प्यावा लागतो. तुम्ही जाणार असाल तर माझं ऐका, गावाच्या आत खोली घेऊ नका. आम्ही खालच्या उतारावर एका शेतघरात दोन खोल्या घेतल्या. हायवे जवळ, भोवती ऑलिव्हची झाडं आणि दारात गाडी. फ्लॉरेन्सच्या त्या हॉटेलच्या निम्म्या भाड्यात झालं. अमेरिकन लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट लागतं, ते निघण्याआधी ऑटो क्लबमधून करून घ्या. गिअरची गाडी ऑटोमॅटिकपेक्षा बरीच स्वस्त पडते. आम्हाला मिळाली ती डबीएवढी होती आणि तिला चक्क ओढायचा हँडब्रेक होता. तो हातात घेतला तेव्हा मला जुनी मैत्रीण भेटल्यासारखं झालं.

पहिल्याच दिवशी आम्ही मिशिगनवाल्यांना शोभेल अशी चूक केली. आमच्याकडे रस्ते पट्टीने आखलेले. नाइन माइल, टेन माइल अशी त्यांची नावं, आणि तीस मैल म्हणजे अर्धा-पाऊण तास हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्या हिशोबाने रत्नाने एका दिवसात पिएन्झा, मोंताल्चिनो आणि मोंतेपुल्चानो बसवलं. नकाशावर ती तिन्ही एकमेकांच्या मांडीवर बसली आहेत. प्रत्यक्षात रस्ता एका टेकडीला वळसा घालतो, मग दुसरीला, आणि मग वाटतं परत पहिलीलाच. पिएन्झाला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळली होती. सगळीकडे स्वयंपाकघरं बंद, आता संध्याकाळीच. चर्चच्या पायऱ्यांवर बसून आम्ही नोव्हायहून नेलेला चिवडा खाल्ला, वर तिथलं पेकोरिनो चीज. पुढची दोन गावं रद्द केली. रत्ना नकाशा घडी करत म्हणाली, काकांची अकरा शहरं गेली उडत. त्यानंतर रोज एकच गाव, आणि मला विचाराल तर तेही भरपूर होतं.

निनादला मी लोकेशन चालू ठेवायचं कबूल केलं होतं. त्यामुळे गाडी थांबली की फोन यायचा. पेट्रोल भरताना फोन. सूर्यफुलांचं शेत बघायला थांबलो तरी फोन. प्रेमच ते, पण बाळाच्या पाळण्यावर लावलेल्या कॅमेऱ्यासारखं.

मग आलं तोदी, तटबंदीचं डोंगरी गाव. तटाच्या आत पाहुण्यांच्या गाड्यांना बंदी असते. लाल कडेचं पांढरं वर्तुळ दिसलं की मागे फिरायचं, नाहीतर दंड घरी येतो. ते आम्ही पाळत होतो. तट चुकवायला म्हणून फोनने सांगितलेल्या वाटेने वळले, तर वाट चढाची झाली, मग अरुंद झाली, मग आरसे मिटावे लागले. वरून एक गाडी आली, मी थांबले आणि इंजिन बंद पडलं. मागे सामानाची व्हॅन चिकटून उभी. पुन्हा सुरू करायला गेले तर गाडी हातभर मागे घसरली. व्हॅनवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. शेजारच्या दुकानातून एप्रन घातलेला एक माणूस आला, माझ्या दाराला हात घातला आणि खुणेने म्हणाला, उतरा, मी काढून देतो. माणूस भला होता. उतरावं, असं क्षणभर मनापासून वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात फोन वाजला. रत्नाने उचलला. गाडी रस्त्याच्या मधोमध का थांबली आहे, असं निनाद विचारत होता.

रत्ना म्हणाली, "तुझी आई गाडी चालवते आहे. ठेव फोन."

ती खरं तर बंद पडलेल्या गाडीत बसून बोलत होती. पण ते ऐकून मी त्या माणसाला हाताने नाही म्हटलं. पुण्यात मला गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी कात्रजच्या चढावर हेच करून घेतलं होतं. हँडब्रेक घट्ट ओढायचा. क्लच हळूहळू सोडायचा, गाडीचं नाक किंचित उचलेपर्यंत. थोडा ॲक्सिलरेटर, आणि मगच ब्रेक सोडायचा. नाक उचललं. ब्रेक सोडला. वरच्या गाडीवाल्याने जेमतेम जागा केली, मी भिंतीला न लागता तिच्या शेजारून चढून गेले. आरशात एप्रनवाला दोन्ही हात वर करून उभा होता. रागाने की कौतुकाने, ते मी थांबून विचारलं नाही.

वर पार्किंगच्या निळ्या रेघांत गाडी लावली आणि मी रडले. भीतीने नाही. इतकी वर्षं मला हे येत होतं आणि मी नकाशा मांडीवर घेऊन बसले, म्हणून. रत्नाने पाण्याची बाटली पुढे केली. मग मी फोन घेतला आणि लोकेशन बंद केलं. निनादला मेसेज टाकला की मी ठीक आहे, रात्री बोलू.

उरलेल्या दिवसांत ओर्विएतो केलं. तिथे खालच्या पार्किंगपासून गावापर्यंत सरकते जिने आहेत, गुडघेवाल्यांनी आधी तिथेच जावं. कोर्तोना केलं. एक दिवस त्राझिमेनो तळ्याकाठी नुसतं बसलो. सकाळी मला जाग यायची तेव्हा रत्ना खिडकीशी बुद्धवंदना म्हणत असायची आणि चूल तापलेली असायची. गावातल्या दुकानात चण्याचं पीठ मिळालं. शेवटच्या संध्याकाळी मी पिठलं केलं आणि शेतघराच्या मालकीणबाईंना बोलावलं. त्यांनी त्यावर ऑलिव्हचं तेल ओतलं. मी आधी हबकले, मग मीही ओतलं. चांगलं लागतं.

परत आले त्याच आठवड्यात निनादचा व्हिडिओ कॉल आला. घर दाखवायला एजंट शनिवारी येतोय, असं तो सांगत होता. मी म्हटलं, एजंटला येऊ नको म्हणून कळव. बर्फ काढायला माणूस लावते, हाताला धरायला रेलिंगही बसवून घेते. पण घर विकणार नाही. मग त्याचं लक्ष माझ्या हातातल्या पाटीकडे गेलं. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली, लाल अक्षरांत 'फॉर सेल'.

"मग ही कशासाठी?"

"बाबांच्या गाडीसाठी. मला लहान हवी आहे, क्लचवाली."

त्याचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार, त्या गाडीत आमची अर्धी अमेरिका बघून झाली होती. तरी मी फोन घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि त्याच्या देखतच पाटी काचेत लावली. त्याला सांगितलं, बेसमेंटमधली खोली राहू दे, नवी गाडी आली की तीच घेऊन चार दिवस राहायला येते, आणि मग माझ्या घरी परत.

"निदान लोकेशन तरी ऑन ठेवशील ना, आई?"

"नाही रे," मी म्हटलं. "आले की तुझ्या दारावरची बेल वाजवीन."