बंदराआधीची दाढी

गळ्याभोवती पांढरं कापड बांधून झालं, की मास्टर दोन्ही तळवे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवत आणि आरशात बघून विचारत, "घ्यायला कोण येणार आहे?"

नवीन माणूस गोंधळायचा. इथे जपानात, ओजिमा भागातल्या आमच्या गल्लीत केस कापायला बसलेल्या माणसाला कोण कशाला घ्यायला येईल? जुनी गिऱ्हाइकं मात्र झटकन उत्तर देत. कोणी म्हणे, "नात." कोणी म्हणे, "उद्या हेड ऑफिसचे साहेब." शेजारच्या इमारतीतले एक आजोबा दर वेळी म्हणत, "यमदूत." मग मास्टर त्यांच्या कानामागे जास्तच निगुतीने वस्तरा फिरवत आणि म्हणत, "मग घाई नको. थांबू दे त्याला."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, "कोणी नाही."

"असं नसतं," ते म्हणाले. "पण बोलायचं नसेल, तर डोकं तरी सरळ धरा."

मी मुळात कमी बोलणारा. ऑफिसात हा गुण समजला जातो. मास्टरनी तो कधी गुण मानला नाही.

मास्टर दक्षिण इटलीतले, डोंगरातल्या एका खेड्यातले. ऐंशीच्या आसपास असतील. जपानी बोलत ते अस्सल इथल्या जुन्या मोहल्ल्यातलं, पण हात बोलत इटालियन. कात्री हातात असताना हे जरा धोक्याचं वाटे. मला ते 'कुम्पा' म्हणत. आपण 'राव' म्हणतो ना, तसं काहीतरी.

तरुणपणी ते जहाजावर न्हावी होते. नेपल्सहून ऑस्ट्रेलियाला माणसं नेणारं जहाज. त्यांच्या भागात पोट भरण्यासारखं फारसं काही नव्हतंच. प्रत्येक घरातून कोणीतरी गेलेलं. कोणी अर्जेंटिनाला, कोणी बेल्जियमच्या खाणीत, कोणी जर्मनीच्या कारखान्यात. प्रवासभर मास्टरना फारसं काम नसे. पण बंदर लागायच्या आदल्या दिवशी सगळं जहाज त्यांच्या दाराशी रांग लावी. मग ते विचारत, घ्यायला कोण येणार आहे? मुकादम येणार असेल तर केस बारीक, म्हणजे माणूस कामसू दिसतो. भाऊ येणार असेल तर गावाकडे कापायचे तसे, म्हणजे भाऊ लगेच ओळखतो.

एकदा एक मुलगी आली. नवरा ऑस्ट्रेलियात, त्याला तिने बघितलेलं नव्हतं. चर्चमध्ये नवऱ्याच्या जागी दिराला उभं करून लग्न लागलेलं. तेव्हा अशी लग्नं सर्रास होत. तिने नवऱ्याला पाठवलेल्या फोटोत केस खांद्यापर्यंत होते, आता कमरेपर्यंत वाढलेले. "फोटोतल्यासारखे करा," म्हणाली, "नाहीतर तो म्हणेल, दुसरीच आली." मास्टरनी कापले. ती रडली, तेही गलबलले. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर नवरा उभा होता. टोपी काढली, तर डोक्यावर एक केस नाही. त्याने पाठवलेल्या फोटोत भरघोस कुरळे!

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ती इतकी हसली, इतकी हसली, की त्यालाही हसावं लागलं. चांगला संसार झाला असणार."

एका फेरीत जहाज पुढे योकोहामापर्यंत आलं. मास्टर कात्रीला धार लावायला म्हणून उतरले आणि एका न्हाव्याच्या दुकानात शिरले. तिथे न्हाव्याची मुलगी होती. "अजून धार लागतेय," ते म्हणत. तीच ही मालकीणबाई, दुकानात गरम टॉवेल पिळणारी. ती म्हणे, "कात्री बोथट नव्हतीच."

आता माझं सांगतो. नाशिकला माझी आई आहे, दादा-वहिनी आहेत. मी कंपनीच्या बदलीवर जपानला आलो तो दोन वर्षांसाठी. मग दर फोनला म्हणत राहिलो, पुढच्या वर्षी कायमचा येतो. घरी सांगायचो, कंपनी सोडत नाही. खरं असं, की कंपनीने दोनदा मुंबईला परत पाठवायची तयारी दाखवली आणि दोन्ही वेळा मीच नको म्हणालो. मला इथे आवडतं. सकाळी कालव्याकाठी चालायला आवडतं. घरी आल्यावर कोणी काही विचारत नाही, हेसुद्धा आवडतं. आईची दुखणीखुपणी दादा काढत होता आणि मी इथे सुखात होतो. सुखात आहे, हे सांगायचीच लाज वाटायची.

वरच्या मजल्यावरची माझी खोली आई झाडून-पुसून बंद ठेवायची.

मास्टरच्या गावच्या देवाचे दोन उत्सव असतात. एक थंडीत, त्याच्या खऱ्या दिवशी. दुसरा ऑगस्टमध्ये, परदेशी गेलेल्यांना रजा मिळते म्हणून. देवानेच त्यांच्यासाठी तारीख बदलून घेतली, असं मास्टर म्हणत. त्या दिवशी ते दुकान बंद ठेवत, टाय लावत आणि फोनवर मिरवणूक बघत. एका वर्षी मलाही जेवायला बोलावलं. गावातून त्यांची बहीण कर्ण्यासारख्या आवाजात काहीतरी विचारत होती. मास्टरनी तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं.

"काय म्हणतात?"

"येतोस का पुढच्या वर्षी, म्हणते. मी म्हटलं, नाही. इथे बरा आहे."

"असं तोंडावर? त्यांना वाईट नाही वाटत?"

"पहिल्यांदा म्हणालो तेव्हा वाटलं. रडली. पुढच्या वर्षी माझ्या खोलीत कोंबड्या ठेवल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुम्पा, तुमच्या खोलीत काय आहे?"

"काही नाही. बंद आहे."

"कोणासाठी?"

मी पास्ता चिवडत बसलो.

त्यानंतरच्याच महिन्यात, एका रविवारी दुपारी, मी दाढीला बसलो होतो. तोंडभर फेस. आईचा व्हिडिओ कॉल आला. एरवी मी उचलला नसता. पण मास्टरनी फोन घेतला आणि सरळ माझ्यासमोर धरला.

"अगंबाई! तोंडाला काय झालं रे विजू?"

"दाढी चाललीय, आई."

"आणि ते गोरे गृहस्थ कोण?"

"न्हावी."

मास्टरनी कमरेतून वाकून नमस्कार केला. आईने लगबगीने पदर सारखा केला. मग मुद्द्यावर आली. दादाच्या ओंकारचं लग्न ठरलं होतं. घरात नव्या जोडप्याला जागा नाही, म्हणून दादा त्याच्यासाठी भाड्याची जागा शोधत होता. "वरची खोली देऊया म्हणत होती तुझी वहिनी. मी म्हटलं, छे, विजू येतोय ना पुढच्या वर्षी."

मास्टरना मराठी कळत नव्हतं. पण वस्तरा त्यांनी खाली ठेवला होता.

"आई," मी म्हणालो, "मी नाही येणार. राहायला नाही. कंपनी पाठवत होती. मीच नको म्हटलं. मला इथे बरं वाटतं गं."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. आईने मागे वळूनही बघितलं नाही.

"ठाऊक होतं रे मला," ती शेवटी म्हणाली. "पण मी कशी म्हणणार? मी म्हटलं असतं, तर मीच तुला घालवल्यासारखं झालं असतं." तिने चष्मा काढून पुसला. "बरं. ओंकारला वरच्या खोलीत एसी बसवायचाय. सांगते त्याला." आणि फोन बंद.

मालकीणबाईंनी गरम टॉवेल आणला. मास्टरनी तो माझ्या तोंडावर, डोळ्यांवरसुद्धा, घडी घालून ठेवला आणि लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तसाच राहू दिला. मधे कोणीतरी गिऱ्हाईक आलं. त्याला म्हणाले, "बसा जरा. ह्यांचं चाललंय."

लग्नाला मी गेलो. खोलीला पिस्ता रंग दिला होता आणि दारावर नव्या सुनेने तोरण लावलं होतं. मी हॉलमध्ये, पाहुण्यांच्या गाद्यांच्या रांगेत झोपलो. दादा माझ्याच शेजारी. म्हणाला, "घोरतोस की रे. जपानात चालतं का?" इतकी गाढ झोप मला त्या घरात कित्येक वर्षांत लागली नव्हती.

आणि आईने मला पहिल्यांदाच, "कायमचा कधी येतोस?" असं न विचारता, "विमान कधीचंय?" असं विचारलं. विचारून भाजक्या पोह्यांचा चिवडा करायला घेतला. एक डबा माझा, एक डबा वेगळा. "हा तुझ्या न्हाव्याचा. तिखट चालतं ना त्यांना?"

परत आलो तर दुकान बंद. मी नाशिकला असतानाच मास्टर गेले होते. दुपारी खुर्चीत डुलकी लागली आणि उठलेच नाहीत. मला हे मालकीणबाईंनी शटर अर्धवट वर करून सांगितलं आणि आत बोलावलं. मी डबा पुढे केला, म्हटलं, आईने मास्टरसाठी दिलाय.

बसायला गिऱ्हाइकांच्या दोन खुर्च्याच होत्या. एकीत त्या बसल्या, दुसरीत मी. आरशाकडे तोंड करून. त्यांनी चिमूटभर चिवडा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट आहे," त्या म्हणाल्या.

"नको असेल तर—"

"नाही, नाही. ते असते तर मला मिळालाच नसता." आणि त्यांनी डबा स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.